यादवी एकाची, रसद दुसऱ्याची

हजार माणसांचा सशस्त्र गट वर्षभर उभा ठेवायचा तर काय काय लागेल, याचा हिशोब मांडून पाहा. रोजचं दोन वेळचं जेवण लागेल. बूट लागतील, औषधं लागतील, गाड्यांना डिझेल लागेल, वायरलेस संच लागतील. मेलेल्यांच्या घरी काहीतरी पोचवावं लागेल. बंदुका एकदा मिळाल्या की पुष्कळ वर्षं पुरतात, पण गोळ्या रोज संपतात. त्यामुळे खरा खर्च दारूगोळ्याचा. आणि पैसा कितीही असला तरी जखमींना ठेवायला, नव्या पोरांना शिकवायला आणि मार खाल्ल्यावर दम घ्यायला एक जागा लागते, जिथे सरकारी सैन्य पोचू शकत नाही. बहुतेक वेळा ती जागा सरहद्दीपलीकडे असते.

हे सगळं येतं कुठून? काही वेळा लोकच देतात. काही वेळा गट खंडणी घेतो, खाणी ताब्यात घेतो. आणि पुष्कळदा ते एखाद्या परक्या देशाकडून येतं. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन देशांच्या सैन्यांमधली उघड युद्धं कमी झाली. जगातला बहुतेक रक्तपात देशांच्या आत, यादवी युद्धांमध्ये होत राहिला, आणि त्यातल्या फार मोठ्या हिश्श्यात कुठल्या ना कुठल्या बाहेरच्या सरकारचा हात होता.

अशा वेळी 'शस्त्रं कोणी दिली' एवढंच विचारून भागत नाही. देणाऱ्याला काय हवंय, हे आधी पाहावं लागतं. लढणाऱ्याला जे हवं असतं, तेच देणाऱ्यालाही हवं असेल असं आपण गृहीत धरतो, आणि तिथेच आपली फसगत होते.

कानावर हात ठेवण्याची सोय

शेजारी देश त्रास देतोय, तर स्वतःचं सैन्य का पाठवत नाहीत? कारण सैन्य पाठवलं की शवपेट्या घरी येतात, संसदेत जाब विचारला जातो आणि समोरचा देश, त्याचे मित्र, प्रसंगी अण्वस्त्रधारी महासत्ता, सगळेच उघडपणे मैदानात उतरू शकतात. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली की यातलं बरंच टळतं. खर्च कमी येतो, आणि कोणी विचारलंच तर कानावर हात ठेवता येतात.

हे कानावर हात ठेवणं किती नियोजनपूर्वक होतं, ते अफगाणिस्तानात दिसतं. डिसेंबर १९७९मध्ये सोव्हिएत सैन्य तिथे घुसलं. अमेरिकेने त्याच्याशी लढणाऱ्या अफगाण मुजाहिदीनांना शस्त्रं द्यायचं ठरवलं, पण ती अमेरिकी बनावटीची असून चालणार नव्हती. म्हणून सोव्हिएत पद्धतीच्या बंदुका आणि रॉकेटं इजिप्तच्या जुन्या साठ्यातून आणि चीनकडून घेतली गेली. पकडली गेली तर 'ही तुमच्याच सैनिकांकडून हिसकावलेली' म्हणता यावं, एवढाच हेतू. अमेरिका जितके डॉलर देईल तितकेच सौदी अरेबियाही देत असे. माल कराचीच्या बंदरात उतरायचा, तिथून रावळपिंडीजवळच्या ओझरी कोठारात जायचा आणि पुढे ट्रकने पेशावर-क्वेट्ट्याकडे. पेशावरमध्ये सात अफगाण पक्षांची कार्यालयं होती. कुणाला किती द्यायचं, हे पाकिस्तानची आयएसआय ठरवायची.

सगळी मेख इथेच होती. पैसा अमेरिकेचा आणि सौदीचा, पण वाढपी पाकिस्तान. आणि पाकिस्तानला हवं होतं युद्धानंतर काबूलमध्ये आपल्या शब्दात राहणारं सरकार. त्यामुळे गुलबुद्दीन हेकमतियार यांच्या पक्षाला सर्वांत मोठा वाटा मिळत गेला. अफगाण माणसांमध्ये कोणाचं वजन किती, याच्याशी त्या वाटपाचा फारसा संबंध नव्हता.

१९८६मध्ये अमेरिकेने खांद्यावरून डागायची स्टिंगर क्षेपणास्त्रं दिली, तेव्हा लपवाछपवी संपल्यातच जमा होती. १५ फेब्रुवारी १९८९ला शेवटची सोव्हिएत तुकडी बाहेर पडली. पुढे उरलेली स्टिंगर परत विकत घेण्यासाठी अमेरिकेलाच मोहीम काढावी लागली. तिकडे काबूलमधलं नजीबुल्ला यांचं सोव्हिएतधार्जिणं सरकार सोव्हिएत सैन्य गेल्यावरही तीन वर्षं टिकलं, कारण मॉस्कोहून पैसा, इंधन आणि दारूगोळा येत होता. दोन्ही महासत्तांनी १ जानेवारी १९९२पासून आपापल्या बाजूची शस्त्रमदत थांबवायचं ठरवलं, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते सरकार कोसळलं. देणारे निघून गेले, शस्त्रं मात्र तिथेच राहिली. सोव्हिएत काळात बऱ्यापैकी शाबूत राहिलेलं काबूल शहर त्यानंतर मुजाहिदीन गटांच्या आपसातल्या तोफगोळ्यांनी उद्ध्वस्त झालं.

जिंकू नये म्हणून दिलेली मदत

आता १९७५चं कुर्दिस्तान. हा प्रसंग मला या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडा थांबून सांगतो.

उत्तर इराकमध्ये मुस्तफा बारझानी यांच्या नेतृत्वाखाली कुर्द लढवय्ये बगदादविरुद्ध स्वायत्ततेसाठी लढत होते. इराणच्या शहाचं बगदादशी वैर होतं; विशेषतः शत अल-अरब या नदीवरच्या हक्कावरून. शहाने कुर्दांना शस्त्रं दिली, सरहद्द उघडी ठेवली, शेवटी शेवटी तर स्वतःच्या तोफाही त्यांच्या मदतीला पाठवल्या. इस्रायल सामील होतं. १९७२पासून अमेरिकाही गुपचूप मदत करू लागली. बारझानींचा शहावर विश्वास नव्हता; अमेरिका आहे म्हटल्यावर ते निश्चिंत झाले.

६ मार्च १९७५ला अल्जीअर्समध्ये शहा आणि सद्दाम हुसेन यांनी समझोता केला. नदीची सीमारेषा इराणला हवी तशी ठरली, बदल्यात इराणने कुर्दांची मदत बंद करायची. ती लगेच बंद झाली. इराणी तोफा परत फिरल्या आणि इराकी सैन्य पुढे सरकलं. काही आठवड्यांत ते सगळं बंड विरलं. लाखाहून अधिक माणसं डोंगर ओलांडून इराणात गेली. बारझानींनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांना पत्र लिहून मदतीची याचना केली. मदत आली नाही.

पुढच्या वर्षी अमेरिकी काँग्रेसच्या एका चौकशी समितीचा अहवाल फुटला. त्यात नमूद होतं की शहा आणि अमेरिकी नेतृत्व या दोघांनाही कुर्द जिंकावेत असं वाटत नव्हतं. इराकची ताकद खर्ची पडत राहील एवढ्यापुरतंच बंड पेटतं ठेवायचं होतं. कुर्दांना हे अर्थातच कोणी सांगितलं नव्हतं.

शहाच्या जागी बसून विचार केला तर यात विसंगती नाही. कुर्द जिंकले असते तर उद्या इराणमधल्या कुर्दांनीही तेच मागितलं असतं. हरले असते तर इराक मोकळा झाला असता. त्याला सोयीचं होतं ते घोंगडं भिजत राहणं. पाठीराख्या देशाचं गणित अनेकदा असंच असतं: शत्रूच्या दारात आग हवी, पण ती आपल्या घरापर्यंत यायला नको. परक्या मदतीची यादवी युद्धं जास्त काळ चालतात, असं अभ्यासकांना पुन्हा पुन्हा आढळलं आहे. त्याची इतरही कारणं आहेत. दोन्ही बाजूंना बाहेरून रसद मिळाली की थकून तडजोडीला बसायची वेळच येत नाही. शिवाय वाटाघाटीच्या टेबलावर जितके जास्त हितसंबंध, तितका तह अवघड. पण युद्ध संपूच नये असं वाटणारा कोणीतरी पैसे देतोय, हे कारण मला सर्वांत भीषण वाटतं.

ज्यांना आपल्या लोकांची गरज उरत नाही

मोझांबिक १९७५मध्ये पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला. शेजारच्या ऱ्होडेशियात तेव्हा गोऱ्या अल्पसंख्याकांचं राज्य होतं आणि त्याविरुद्ध लढणाऱ्या काळ्या बंडखोरांना मोझांबिकने आसरा दिला होता. ऱ्होडेशियाच्या गुप्तचर खात्याने उत्तर म्हणून मोझांबिकमधल्या असंतुष्टांना गोळा करून एक संघटना उभी केली. तीच रेनामो. १९८०मध्ये ऱ्होडेशियाचं झिम्बाब्वे झालं, तशी रेनामो दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराने दत्तक घेतली.

दक्षिण आफ्रिकेला काय हवं होतं? वर्णभेदी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला मोझांबिकने थारा देऊ नये. आणि दुसरं, कमी बोललं गेलेलं: झिम्बाब्वेसारख्या समुद्र नसलेल्या देशांचा माल मोझांबिकच्या बैरा बंदरातून जाऊ नये, म्हणजे ते दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वेवर आणि बंदरांवर अवलंबून राहतील. मग त्यासाठी मोझांबिकचं राज्य जिंकायची गरजच नव्हती. रूळ उखडले, पूल उडवले, देश चालेनासा केला की पुरे.

रेनामोने तेच केलं. शाळा आणि आरोग्यकेंद्रं जाळली, शिक्षक आणि परिचारिकांना मारलं, कोवळ्या मुलांना पळवून त्यांच्या हाती बंदुका दिल्या. जुलै १९८७मध्ये होमोईन या गावात चारशेहून अधिक माणसं मारली गेली. त्या हत्याकांडाचा ठपका रेनामोवर ठेवला गेला. सरकारच्या सक्तीच्या ग्रामयोजनांमुळे आणि परंपरागत मुखियांच्या अवहेलनेमुळे काही भागांत रेनामोला स्थानिक पाठिंबाही होता, हे इथे सांगायला हवं. ती निव्वळ परक्यांची कठपुतळी नव्हती. पण जिथे तो पाठिंबा नव्हता, तिथेही तिचं काही अडत नव्हतं.

जो गट गावकऱ्यांच्या भाकरीवर जगतो, त्याला गावकऱ्यांची मर्जी राखावी लागते. आपल्यातल्या कोणी अत्याचार केला तर त्याला शिक्षा करावी लागते, नाहीतर उद्या ताटात काही पडत नाही आणि सरकारी सैन्याला ठावठिकाणा कळतो. ज्याची भाकरी विमानातून येते, त्याच्यावर हा वचक राहत नाही. त्याचा हिशोब फक्त देणाऱ्याशी. नियम म्हणून हे प्रत्येक ठिकाणी लागू पडत नाही, पण इतक्या युद्धांत दिसलं आहे की योगायोग म्हणता येत नाही.

१६ मार्च १९८४ला दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिकने न्कोमाती करार केला: तुम्ही आमच्या विरोधकांना थारा देऊ नका, आम्ही रेनामोला देणार नाही. पुढच्या वर्षी गोरोंगोझा भागातला रेनामोचा मुख्य तळ सरकारी आणि झिम्बाब्वेच्या सैन्याने जिंकला, तेव्हा तिथे दैनंदिनी सापडल्या. करारानंतरही दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराची मदत चालूच असल्याच्या नोंदी त्यात होत्या. युद्ध १९९२पर्यंत चाललं. लढाई, दुष्काळ आणि उपासमार मिळून सुमारे दहा लाख माणसं गेली, असा अंदाज आहे.

पाठीराखे अनेक झाले की

सीरियात २०११नंतर हा प्रकार आणखी गुंतागुंतीचा झाला. सत्तेवरच्या बशर असद यांच्या बाजूला इराण, लेबनॉनमधली हिजबुल्ला आणि सप्टेंबर २०१५पासून रशियाची विमानं. विरोधकांच्या बाजूला अमेरिका, तुर्कस्तान, सौदी अरेबिया, कतार, आणि प्रत्येकाचा लाडका गट वेगळा. एकाने अट घातली तर दुसऱ्याकडे जाता येत होतं. त्यामुळे विरोधक एकत्र येण्याऐवजी फुटत गेले. रणगाड्यांवर डागायची अमेरिकी टो क्षेपणास्त्रं मिळणाऱ्या गटांना डागतानाचं चित्रीकरण आणि रिकामी नळकांडी परत द्यावी लागत, तेव्हा पुढचा साठा मिळे. एवढी काळजी घेऊनही शस्त्रं भलतीकडे गेलीच. पूर्व युरोपात बनून अमेरिकेने विकत घेतलेलं रणगाडाविरोधी शस्त्र कारखान्यातून निघाल्यावर दोन महिन्यांच्या आत 'इस्लामिक स्टेट'च्या हाती सापडल्याचं शस्त्रांचा माग काढणाऱ्या तपासनिसांनी २०१७मध्ये दाखवून दिलं. पेंटागॉनने पन्नास कोटी डॉलर मंजूर करून सीरियन लढवय्ये घडवायची वेगळी योजना काढली होती. त्यातले प्रत्यक्ष रणांगणात किती, असं सिनेटमध्ये विचारल्यावर पश्चिम आशियातल्या अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल लॉइड ऑस्टिन यांचं उत्तर होतं, चार किंवा पाच.

लिबियातही तेच. २०११पासून संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी लागू. तरी पूर्व लिबियातले लष्करी नेते खलिफा हफ्तार यांच्या बाजूने संयुक्त अरब अमिरात, इजिप्त आणि रशियाचे भाडोत्री सैनिक, त्रिपोली सरकारच्या बाजूने तुर्कस्तान. जानेवारी २०२०मध्ये बर्लिनला जमून या देशांनी ढवळाढवळ न करण्याचं वचन दिलं. महिनाही झाला नाही तोच संयुक्त राष्ट्रांच्या उपविशेष दूत स्टेफनी विल्यम्स यांना ही शस्त्रबंदी म्हणजे थट्टा झाली आहे, असं जाहीरपणे म्हणावं लागलं.

आणि श्रीलंका. जुलै १९८३मधल्या तमिळविरोधी हिंसाचारानंतर भारताने तमिळ तरुणांच्या अनेक गटांना प्रशिक्षण आणि शस्त्रं दिली. हेतू कोलंबोवर दबाव आणण्याचा होता. वेगळं राष्ट्र भारताला कधीच नको होतं. लिट्टेला मात्र तेच हवं होतं. लिट्टेने आधी बाकीचे तमिळ गट संपवले. १९८७च्या करारानंतर शांतिसेना म्हणून गेलेल्या भारतीय जवानांना ऑक्टोबरपासून त्याच लिट्टेशी लढावं लागलं आणि अकराशेहून अधिक जवान तिथे मृत्युमुखी पडले. पुढे अध्यक्ष प्रेमदासांच्या श्रीलंका सरकारनेच भारतीय सैन्य जावं म्हणून लिट्टेला शस्त्रं दिली. २१ मे १९९१ला राजीव गांधींची आणि १ मे १९९३ला प्रेमदासांची हत्या लिट्टेच्या आत्मघातकी हल्लेखोरांनी केली.

इथे कोणीही विचारेल, मग १९७१चं काय? मुक्ती वाहिनीला भारताने मदत केली ती चूक होती का? मला तसं वाटत नाही. पण तिथे काय वेगळं होतं ते पाहायला हवं. निवडणूक जिंकलेल्या पक्षाला सत्ता नाकारली गेली होती, लष्कराने कत्तली केल्या होत्या आणि सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. लढणाऱ्यांना जनतेचा प्रचंड पाठिंबा होता. आणि देणाऱ्याला युद्ध लांबलेलं परवडणारं नव्हतं. निर्वासित परत जायचे तर निकाल लवकर हवा होता. दोघांचं उद्दिष्ट जवळपास एकच होतं. असं जुळून येणं दुर्मीळ असतं.

कायदा काय म्हणतो

दुसऱ्या देशातल्या बंडखोरांना शस्त्रं देणं आंतरराष्ट्रीय कायद्याने निषिद्ध आहे. निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांना प्रशिक्षण आणि शस्त्रं देऊन अमेरिकेने कायदा मोडला, असा निकाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २७ जून १९८६ला दिला. पण त्याच निकालात एक पळवाटही तयार झाली. काँट्रांनी केलेल्या अत्याचारांची जबाबदारी अमेरिकेवर टाकायची तर त्या त्या कारवाईवर अमेरिकेचं प्रत्यक्ष नियंत्रण होतं, हे सिद्ध व्हायला हवं. पैसे आणि बंदुका देणं तेवढ्यासाठी पुरेसं नाही. म्हणजे जितकं लांबून द्याल तितके सुटाल. अमेरिकेने तो निकाल मानला नाही, आणि सुरक्षा परिषदेत त्याच्या अंमलबजावणीचा ठराव नकाराधिकार वापरून पाडला.

व्यक्तीला शिक्षा होऊ शकते. लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना सिएरा लिओनमधल्या क्रूर बंडखोरांना साहाय्य केल्याबद्दल २०१२मध्ये पन्नास वर्षांची शिक्षा झाली. ते छोट्या देशाचे, पायउतार झालेले अध्यक्ष होते, हेही लक्षात घ्यायला हवं.

नळ बंद होतो तेव्हा

कायद्यापेक्षा जास्त परिणाम रसद तुटल्याने होतो. ग्रीसमधल्या कम्युनिस्ट बंडखोरांना युगोस्लाव्हियाचा आसरा होता. टिटो आणि स्टालिन यांचं बिनसलं, ग्रीक कम्युनिस्ट स्टालिनच्या बाजूला गेले, आणि जुलै १९४९मध्ये टिटोने सरहद्द बंद केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत युद्ध संपलं होतं.

काँगोत नोव्हेंबर २०१२मध्ये एम-२३ या बंडखोर गटाने गोमा शहर घेतलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी रवांडाकडे बोट दाखवलं, अमेरिका आणि अनेक युरोपीय देशांनी रवांडाची काही मदत रोखली आणि काँगोच्या सैन्याबरोबर लढायला संयुक्त राष्ट्रांची खास तुकडी आली. वर्षभरात एम-२३ मोडली. पुढे लक्ष दुसरीकडे वळलं. २०२१च्या अखेरीस ती पुन्हा उभी राहिली आणि जानेवारी २०२५मध्ये गोमा पुन्हा पडलं. त्याआधी २०२४मध्ये तज्ज्ञांनी रवांडाचे तीन ते चार हजार सैनिक तिच्यासोबत असल्याचा अंदाज दिला होता. रवांडा हे नाकारतो आणि १९९४च्या वंशसंहारातल्या गुन्हेगारांचे वारसदार गट सरहद्दीपलीकडे असल्याकडे लक्ष वेधतो. ती भीती खोटी नाही, पण तेवढ्याने गोम्याच्या छावण्यांमधून पुन्हा परागंदा झालेल्या माणसांचं समाधान होणार नाही.

परक्याचा नळ बंद करूनही कधी भागत नाही. अंगोलात युनिटा या बंडखोर संघटनेला अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका पोसत होत्या. शीतयुद्ध संपलं, दोघे बाजूला झाले, तरी तिचे नेते जोनास साविम्बी हिरे विकून दहा वर्षं लढत राहिले. फेब्रुवारी २००२मध्ये ते मारले गेले, तेव्हा कुठे एप्रिलमध्ये शस्त्रसंधी झाली.

सुदानमध्ये सध्या या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. १५ एप्रिल २०२३ला लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं. एक कोटी वीस लाखांहून अधिक माणसांना घर सोडावं लागलं. अमिरातीकडून चाडमार्गे आरएसएफला शस्त्रं येत असल्याचे आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी विश्वासार्ह म्हटले. अमिरात ते साफ नाकारते. लष्करालाही इजिप्त, इराण, तुर्कस्तानाकडून मदत मिळाल्याचे अहवाल आहेत. पश्चिम सुदानमधल्या दारफुरच्या सोन्याच्या खाणी आरएसएफला पैसा पुरवतात, आणि युद्धाच्या काळातही सुदानी सोन्याची सर्वांत मोठी बाजारपेठ अमिरातच राहिली. सुदानने आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलेला खटला मे २०२५मध्ये निकालात निघाला, कारण या बाबतीत अमिरातीवर न्यायालयाचा अधिकारच चालत नव्हता. ऑक्टोबर २०२५मध्ये दीड वर्षाच्या वेढ्यानंतर दारफुरमधलं एल फाशेर शहर आरएसएफच्या हाती पडलं आणि तिथे कत्तल झाली.

संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी २००४पासून फक्त दारफुरला लागू आहे. उरलेल्या सुदानमध्ये शस्त्रं उतरवून ती दारफुरकडे न्यायला नकाशावर रस्ता मोकळा आहे. सबंध देशाला शस्त्रबंदी लागू करा, अशी शिफारस संयुक्त राष्ट्रांच्याच सत्यशोधन पथकाने सप्टेंबर २०२४मध्ये केली होती. ती मान्य करणं सुरक्षा परिषदेच्या हातात आहे, आणि सुदानी सोनं कोणाच्या खाणीतून आलं हे विचारणं ते विकत घेणाऱ्या शहरांच्या. यातल्या कोणत्याही गोष्टीसाठी खार्टुममध्ये तह होईपर्यंत थांबायची गरज नाही.